उत्तनच्या दर्यात शेवाळ पिकेल का?

मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत उत्तरेला वसईची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र आहे. त्या कोपऱ्यात उत्तन, पाली, चौक ही मासेमारीची गावं आहेत. इथला मुख्य धंदा डोल जाळ्याचा. समुद्रात कव म्हणजे खुंट मारायची, जाळ्याचं तोंड प्रवाहाकडे करायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने आत येईल ते घ्यायचं: बोंबील, जवळा, करंदी, मांदेली. अलीकडे मासळी घटली, डिझेल महागलं, आणि ‘जोडधंदा करा’ हा सल्ला बंदरावर वारंवार ऐकू येऊ लागला. त्यातला ताजा सल्ला समुद्रशेवाळाच्या शेतीचा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत एकूण २०,०५० कोटी रुपयांपैकी ६४० कोटी शेवाळासाठी ठेवले गेले आणि वर्षाला ११ लाख टनांहून अधिक उत्पादनाचं लक्ष्य जाहीर झालं. देश त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचलेला नाही.

हा सल्ला उत्तनला लागू पडतो का, यावर दोन बाजू इथे समोरासमोर बसवल्या आहेत. मामा आयुष्यभर डोलीवर तांडेल होते. भाची रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकली आहे. मामी सुके बोंबील विकते. माणसं कल्पनेतली आहेत, मुद्दे मात्र खरे.

भाची: मामा, वर्षातले दोन महिने बोट कायद्यानेच बंद असते, १ जून ते ३१ जुलै. शिवाय महिन्यातले भांगाचे, मंद भरती-ओहोटीचे दिवस. पाण्याला ओढ नसली की डोल रिकामी. एवढ्या रिकाम्या वेळात किनाऱ्याजवळ एखादं पीक घेतलं तर बिघडलं कुठे?

मामा: जून-जुलैत शेवाळ लावणार का तू?

भाची: नाही. पावसात नद्यांचं गोडं पाणी खाडीतून समुद्रात येतं, खारटपणा उतरतो. लाटाही असतात. लावणी पावसाळा संपून दर्या शांत झाला की. नोव्हेंबर ते मार्च म्हण.

मामा: मग बंदीच्या महिन्यांचं नाव कशाला घेतेस? ज्या दोन महिन्यांत मला काम नसतं, त्यात तुझं पीक नाही. आणि ज्या महिन्यांत तुझं पीक आहे, त्यात माझी बोट दर्यात आणि तुझी मामी वलांडीवर बोंबील सुकवण्यात. तुमचा जोडधंदा नेमका कामाच्या दिवसांत येतो.

भाची: हे खरं आहे. म्हणून मी बंदीचा मुद्दा सोडते, भांगाचा धरते. शेवाळाला रोज पाणी घालायचं नसतं, खाद्य द्यायचं नसतं. बांबूचा तीन मीटर लांब-रुंद तराफा, त्यावर दोऱ्या, दोरीला शेवाळाचे तुकडे बांधायचे. ४५ दिवसांनी काढणी. मधल्या काळात दोऱ्यांवरची घाण झटकायची, सुटलेले तुकडे बांधायचे, नांगर बघायचा. तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर एका माणसाला ४५ तराफे असा हिशेब बसवला, म्हणजे रोज एक तराफा काढायचा आणि तोच पुन्हा लावायचा.

मामा: मंडपमचा समुद्र कसा आहे?

भाची: पाल्कचा उपसागर. उथळ, आडोशाचा. रामेश्वरम बेट बाजूला असल्याने लाट कमी.

मामा: आणि भरती?

भाची: जेमतेम मीटरभर. कधी तेवढीही नाही.

मामा: इथे उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ज्या ओढीवर माझी डोल भरते, तीच ओढ तुझा तराफा मोडणार. डोलीची मेख समुद्राच्या तळात खोल गेलेली असते, तरी उधाणात दोर तुटतात. तुझ्या बांबूचं काय होईल? आणि ही ओढ तळाचा गाळ ढवळते. आमच्या पाण्यात हात घाल, कोपर दिसत नाही. तुझ्या पिकाला ऊन लागत असेल ना?

भाची: लागतं. वनस्पतीच आहे ती. गढूळ पाण्यात ऊन खाली पोहोचत नाही, वर पानांवर गाळ बसतो. तुमचे दोन्ही आक्षेप बरोबर आहेत, पण ते तराफ्यावरचे आहेत, शेवाळावरचे नाहीत. गुजरातच्या किनाऱ्यावर समुद्र पाल्कसारखा मऊ नाही. तिथे बांबूऐवजी जाळीच्या लांब नळ्या करून, त्यात शेवाळ भरून पाहिलं गेलं. नळी लाटेबरोबर वाकते, मोडत नाही, तुकडेही सुटून जात नाहीत. आणि नळी पृष्ठभागाजवळ तरंगत ठेवता येते, तिथे ऊन मिळतं.

मामा: आणि बी कुठलं?

भाची: देशात सगळ्यांत जास्त चाललं ते कप्पाफायकस. मूळ फिलिपिन्सकडचं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने १९८४ मध्ये ते भारतात आणलं. आपल्या भाईंदरच्या मिठागरांशी ज्या विषयाचं नातं, त्याच विषयाची ती संस्था. त्या शेवाळातून कॅराजीनन निघतं. आइस्क्रीम, टूथपेस्ट, सॉस यांना घट्टपणा देणारा पदार्थ. ताज्या शेवाळाचा रस काढून पिकांवर फवारतात. नाशिकचा द्राक्ष बागायतदार दुकानातून ‘सीवीड’ म्हणून आणतो, ते याच प्रकारचं. इफकोचं ‘सागरिका’ असंच आहे.

मामा: परदेशी पाहुणा. इथे रुजला तर?

भाची: तो धोका कल्पनेतला नाही. मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर हे शेवाळ पसरल्याचं संशोधकांनी २००८ मध्ये नोंदवलं. त्याआधीच, २००५ च्या डिसेंबरात, तमिळनाडू सरकारने त्याची लागवड ठरावीक पट्ट्यापुरती मर्यादित केली होती. आपल्याकडे उत्तनला प्रवाळ नाहीत, पण मालवणला आहेत. किनारा एकच आहे. म्हणून मी इथे कप्पाफायकस सुचवणार नाही. ग्रासिलेरिया आपल्या किनाऱ्यावरचंच आहे. खारटपणा कमी-जास्त झाला तरी ते तग धरतं, खाडीच्या पाण्यातही वाढतं. त्यातून अगार निघतो, म्हणजे आपला चायना ग्रास. हिरवं उल्वा तर दगडांवर आपोआप उगवतं.

मामा: मग सगळे तेच का लावत नाहीत?

भाची: कारण कप्पाफायकसचं बी, पद्धत आणि गिऱ्हाईक तयार आहे. ग्रासिलेरियाची वाढ इथल्या पाण्यात किती, अगार किती आणि कसा, हे ठिकाणाठिकाणी मोजावं लागतं.

मामा: म्हणजे जे विकलं जातं ते इथे लावायचं नाही, आणि जे लावायचं त्याची खात्री नाही. बरं, हिशेब सांग. शेवटी पोट आकड्यावर चालतं.

भाची: मंडपमचाच धरते, कारण तोच नीट मांडलेला आहे. एका तराफ्याला साधारण ६० किलो बी, ४५ दिवसांत २६० किलोपर्यंत ओलं पीक. त्यातलं ६० किलो पुढच्या लावणीला ठेवलं की उरतं २००. सुकवलं की दहावा हिस्सा, म्हणजे २० किलो. सुक्या मालाला किलोला ५० रुपये मिळाले असं समजू. एक तराफा, १,००० रुपये. आपल्याकडे पाच महिन्यांत तीन फेऱ्या. ४५ तराफे, तीन फेऱ्या, १ लाख ३५ हजार. मत्स्य संपदा योजनेत एका तराफ्याचा खर्च १,५०० रुपये धरलाय, म्हणजे ४५ तराफ्यांना ६७,५००. महिलेच्या नावावर ६० टक्के अनुदान, तर खिशातून २७ हजार. राहिले १ लाख ८ हजार.

मामा: आता माझा हिशेब. गढूळ पाणी, उधाण, चोरी, एखादं वादळ. पीक निम्मं धर. क्यार आणि महा एका मागोमाग आली ती २०१९ मध्ये, ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरात, म्हणजे तुझ्या लावणीच्याच मुहूर्तावर. निम्म्याने ६७,५००. त्यातून २७ हजार वजा, ४०,५००. पाच महिन्यांनी भाग, महिन्याला ८,१००. त्यातून होडीचं डिझेल अजून काढलेलं नाही. आणि दोघांची मजुरी त्यातच.

भाची: आठ हजारही काही घरांना आधार आहे, मामा. ज्याच्याकडे स्वतःची मोठी बोट आहे त्याला नसेल. जो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे, ज्याच्याकडे एक छोटी होडी आहे, त्याच्या घरात महिन्याचं किराणा सामान यातून येतं. जोडधंद्याचा हिशेब मुख्य धंद्याशी लावायचा नसतो.

मामी: मजुरी दोघांची म्हणता, ती दोघं कोण? पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, बाजार करायचा, दुपारी सुकत घालायची, संध्याकाळी गोळा करायची. शेवाळाच्या दोऱ्या बांधणार मी, सुकवणार मी, आणि अनुदानासाठी नाव माझं म्हणून सहीपण माझी. पैसे कोणाच्या खात्यात?

भाची: तुमच्या. महिला बचत गटाच्या नावावर घेतलं तर थेट गटाच्या खात्यात.

मामी: आणि सुकवायचं कुठे? बोंबील वलांडीवर लटकतो, वर जातो. शेवाळ जमिनीवर पसरावं लागणार. २०० किलो ओलं शेवाळ एका दिवसाचं. किनाऱ्यावर जागा कुठे उरलीये? जी आहे तिथे माझी मासळी आहे. वाळू लागलेला माल कोण घेणार?

भाची: बांबूच्या मांडवावर जाळी ताणून सुकवता येतं. वाळू लागत नाही.

मामी: मग मांडवाचा खर्च तुझ्या हिशेबात धर. आणि शेवटचं, भाव कोण ठरवणार? बोंबील मी बंदरावर लिलावात घेते, भाईंदरला विकते, नाही जमलं तर बोरिवलीला, तेही नाही तर सुकवून पावसाळ्यात विकते. माझ्यासमोर दहा गिऱ्हाइकं असतात. तुझ्या शेवाळाला गिऱ्हाईक किती?

भाची: सुरुवातीला एक. फार तर दोन. प्रक्रिया करणाऱ्या कंपन्याच घेतात.

मामा: म्हणजे भाव कंपनीचा. मंडपमचं काय झालं ते तूच सांग.

भाची: २००० च्या सुमारास पेप्सिको इंडियाने तिथे बचत गटांकडून करारावर शेती करून घ्यायला सुरुवात केली. २००८ मध्ये तो धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेला, अ‍ॅक्वाअ‍ॅग्रीकडे. अनेक घरांना, विशेषतः बायकांना, त्यातून हातात पैसा आला, हे नाकारता येत नाही. मग २०१३ च्या पुढे पीक मरू लागलं. पाणी तापलं, रोग आला, आणि एकाच मूळ बियाण्याचे तुकडे वर्षानुवर्षे वापरल्याने पिकाचा जोमही गेला, असं तज्ज्ञ सांगतात. उत्पादन कोसळलं. आफ्रिकेत झांझिबारलाही तेच. १९८९ पासून तिथल्या किनाऱ्यावर हजारो बायका शेवाळ लावतात. उथळ पाणी तापू लागल्यावर जास्त किमतीची जात तिथे टिकेना. ती खोल पाण्यात नेली तर वाढते, पण तिथे जायला होडी हवी आणि पोहता यायला हवं.

मामा: बघ, म्हणजे बायकांचं काम म्हणून सुरू झालं आणि पाणी तापलं की होडीवाल्याचं झालं.

भाची: यावर माझं उत्तर असं की बी लावायच्या आधी भाव लिहून घ्यायचा. मच्छीमार सहकारी संस्थेने करार करायचा, एकेका घराने नाही. किमान भाव, उचल किती दिवसांत, माल नाकारायचा तर कारण काय, हे कागदावर. आणि अर्धं पीक कंपनीशिवाय खपेल असं बघायचं. पालघर, वसईची भाजीची शेती जवळच आहे. शेवाळाचा रस किंवा खत गटाला गावातच करता आलं तर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं.

मामी: हे मला पटतं. दुसरं गिऱ्हाईक असलं की पहिलं नीट बोलतं.

मामा: मला एक पटत नाही. समुद्र कोणाचा? तराफे लावायचे तर जागा ठरावीक लागणार. आज आमच्या कवींच्या जागा पिढ्यांच्या वहिवाटीने चालतात. तरीसुद्धा उत्तन-वसईवाले आणि सातपाटीकडचे यांच्यात हद्दीवरून वर्षानुवर्षे भांडण आहे. आता तू म्हणणार, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, तर राज्याने पट्टे द्यावेत. पट्टा आज बचत गटाला दिला, उद्या जास्त पैसे देणाऱ्याला. मग माझी होडी त्याच्या तराफ्यांमधून जाणार की वळसा घालून?

भाची: ही भीती मलाही आहे. पांबनजवळ चिन्नपालम गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बेटांभोवतीचं नैसर्गिक शेवाळ वेचत आल्या. मन्नारच्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यांच्याच समुद्रात त्या घुसखोर ठरल्या. त्यांच्या पुढारी लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला, कारण त्यांनी वेचणाऱ्या बायकांना संघटित केलं आणि वेचणीचे नियम स्वतःच घालून घेतले. मला त्यातून दिसतं ते उलट: वहिवाट कागदावर नसेल तर पहिला फटका तुम्हालाच. पट्टा नको म्हणून हात वर केले, तर पट्टा दुसऱ्याचा होतो. गावाच्या संस्थेलाच हक्क, तो विकता किंवा पोटभाड्याने देता येणार नाही, आणि कवींच्या जागा व होड्यांच्या वाटा आधी नकाशावर आखून मग उरलेल्या पाण्यात शेवाळ. या तीन अटींशिवाय मीही नको म्हणेन.

मामा: उरलेल्या पाण्यात म्हणतेस. उरलेलं पाणी कसलं आहे, ते बोल की! उल्हास नदी कल्याण, अंबरनाथ, डोंबिवलीकडची घाण घेऊन वसईच्या खाडीत येते. धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा, त्याचं काळं पाणी उतारावरून खाली. ओहोटीला जाळं ओढलं की मासळीआधी प्लास्टिक हाताला लागतं. त्या पाण्यातलं शेवाळ कोण खाणार?

भाची: हा तुमचा सगळ्यांत भक्कम मुद्दा आहे. शेवाळ पाण्यातले क्षार शोषतं, तसेच जड धातूही शोषतं. सांडपाण्यातलं नायट्रोजन त्याला खत म्हणून उपयोगी पडतं, पण शिसं आणि पारा नाही. म्हणून खाण्यासाठीचा माल इथून आधी धरायचाच नाही. पाणी तपासायचं, शेवाळ तपासायचं, पूर्ण एक हंगाम. उधाणाला आणि भांगाला, खाडीच्या तोंडाशी आणि चौकच्या बाजूला, गढूळपणा किती, खारटपणा किती, धातू किती. ती माहिती हातात आल्याशिवाय एकाही घराने कर्ज काढू नये.

मामा: मग माझं म्हणणं एवढंच: आधी खाडी साफ करा. तीस वर्षं आम्ही ओरडतोय की मासळी जातेय. ती ओरड बंद करायला आमच्या हातात शेवाळाची दोरी देऊ नका. उद्या कोणी म्हणेल, मासे गेले तर जाऊ द्या, तुम्हाला जोडधंदा दिलाय ना! बंदरं येतील, सागरी पूल येतील, आणि प्रत्येक वेळी भरपाई म्हणून एक तराफा.

भाची: तुम्ही म्हणता ते होऊ शकतं. पण खाडी साफ होईपर्यंत थांबणं आणि खाडी साफ व्हावी म्हणून काही करणं, यांत फरक आहे. मासळी गेली हे तुम्ही सिद्ध कसं करणार? मासा हलतो. तो इथे मेला की तिकडे गेला, की जास्त बोटींनी मारला, यावर सगळे हात झटकतात. दोरीला बांधलेलं पीक हलत नाही. या दिवशी एवढं वजन होतं, वरून पाणी आलं, पंधरा दिवसांत एवढं मेलं. तारीख, वजन, पाण्याचा नमुना. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यासारख्या सवलतींचं बोलणं झालं. मग गारपिटीत द्राक्षाचा पंचनामा होतो, तसा रसायनाने मेलेल्या शेवाळाचा पंचनामा मागता येईल. हद्द आखलेल्या पाण्यात पीक असलेला माणूस त्या पाण्याबद्दल दाद मागू शकतो.

मामा: पंचनामा झाला की नुकसान मोजून मिळतं, भरून मिळतं असं नाही.

भाची: नाही मिळत. पण आज ते मोजलंही जात नाही.

मामी: तुम्ही दोघं पंचनाम्यापर्यंत पोहोचलात, अजून दोरी पाण्यात नाही. मला विचाराल तर पाच-सहा नळ्या घ्या, संस्थेच्या पैशाने, कोणाच्या घरच्या नाही. दागिना गहाण ठेवून कोणी यात पडायचं नाही. जागा यांनी दाखवायची, कारण कुठे ओढ कमी आणि कुठे गाळ कमी हे पदवीत शिकवत नाहीत. नोंदी तू ठेवायच्या. आणि भावाचं बोलायला मला पुढे करा.

मामा: जागा दाखवीन. पण पीक आलं म्हणून खाडीबद्दलचं बोलणं थांबवणार नाही.

भाची: थांबवू नका. पीक गेलं तर तुमच्या बोलण्याला आकडा मिळेल, आणि आलं तर मामीला दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागेल.

मामी: ते माझ्यावर सोडा. फक्त पहिल्या गिऱ्हाइकाकडून भाव लिहून आल्याशिवाय कोणी दोरीला गाठ मारायची नाही.